'कोहॅबिट' हे क्रियापद नेमकं कुठे आणि कसं वापरतात?

अर्धविराम (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एका परदेशी सर्वेक्षणाची प्रश्नावली मराठीत आणायचं काम हातात आहे. 'वैवाहिक स्थिती' या प्रश्नाखाली अविवाहित, विवाहित, घटस्फोटित, विधवा/विधुर इथपर्यंत गाडी सुरळीत चालली. पुढचा पर्याय 'कोहॅबिटिंग', आणि तिथे घोडं अडलं.

कोशात 'सहवास करणे', 'एकत्र राहणे', 'पतिपत्नीप्रमाणे राहणे' असे अर्थ मिळाले. पहिला वाचून अर्ज भरणारा माणूस लाजेल. दुसऱ्यात होस्टेलवाल्यांपासून एकत्र कुटुंबापर्यंत सगळेच बसतील. तिसरा बरा वाटतोय, पण रकान्याच्या मानाने ऐसपैस. संपादक म्हणतात, 'लिव्ह-इन लिहून मोकळ्या व्हा.'

मला आधी मूळ शब्दच नीट कळायला हवा आहे. हे क्रियापद नक्की काय सांगतं? छप्पर एक आहे, शय्या एक आहे, की संसार एक आहे? आणि बोलताना ते कोण वापरतं?

खिडकीपाशी

व्याकरण आधी उरकून टाकू, ते सोपं आहे. क्रियापद अकर्मक. 'दे कोहॅबिट' किंवा 'ही कोहॅबिट्स विथ हर', एवढंच. 'दे कोहॅबिट अ फ्लॅट' खटकतं. घराला कर्म करायचं तर 'शेअर' किंवा 'इनहॅबिट' आहे. जोर 'हॅ'वर द्यायचा. भूतकाळी रूप लिहिताना शेवटचा 'टी' दोनदा येत नाही.

खरी मेख काळाची आहे. हे क्रियापद घटना सांगत नाही, स्थिती सांगतं. 'वी कोहॅबिटेड लास्ट वीकेंड' असं कुणी म्हटलं तर समोरचा इंग्रज गालातल्या गालात हसेल. एकत्र राहायला सुरुवात केली ते 'मूव्ह इन', मोडलं ते 'स्प्लिट अप' किंवा 'मूव्ह आउट', आणि त्या दोन टोकांमधलं सगळं ते 'कोहॅबिट'. म्हणून त्याच्या शेजारी 'फॉर', 'सिन्स' असे कालावधीचे शब्द छान बसतात.

उगाच_एक

म्हणजे मी आणि माझा रूममेट इतकी वर्षं कोहॅबिट करतोय? घरी सांगायला हवं.

खिडकीपाशी

नका सांगू, गैरसमज होईल. शब्दश: चुकीचं नाही, पण आजचा वाचक 'कोहॅबिट' वाचला की जोडपंच डोळ्यांसमोर आणतो. तुमच्यासाठी 'शेअर अ फ्लॅट' किंवा 'रूम विथ'. तसंच 'आय कोहॅबिट विथ माय पेरेंट्स'. गंमत म्हणून कुणी लिहिलं तर ठीक, अर्जात लिहिलं तर कारकून चष्मा पुसून पुन्हा वाचेल.

मूळशोध्या

व्युत्पत्तीचा विषय निघाला नाही, तरी मी काढतोच. लॅटिन 'हाबेरे' म्हणजे जवळ असणे, धरणे. त्याचं पौन:पुन्यवाचक रूप 'हाबितारे', म्हणजे धरून राहणे, म्हणून वसणे. त्याला 'को' जोडून 'कोहाबितारे'. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला.

याच कुळातला 'हॅबिटॅट' मला फार आवडतो, कारण तो मुळात नाम नाहीच. 'तो राहतो' असं लॅटिनमधलं तृतीयपुरुषी क्रियापद आहे. वनस्पतींची वर्णनं लॅटिनमध्ये लिहिली जायची, त्यात 'हाबितात' म्हणून पुढे जागा सांगायची पद्धत होती. पुढच्यांनी क्रियापदाचंच नाम करून टाकलं. 'हॅबिट' म्हणजे सवय, तोही 'हाबेरे'चाच नातू.

अवांतर: 'हॅबिटेबल' आणि 'इनहॅबिटेबल' या दोन्हींचा अर्थ 'राहण्याजोगं' असाच होतो. 'इन' दिसला म्हणून नकार समजू नये. नकारासाठी 'अनइनहॅबिटेबल' असा तोंडाला फेस आणणारा शब्द आहे.

ठाम_मत

व्युत्पत्ती वगैरे छान आहे, पण सगळे जण विषयाभोवती घिरट्या घालताय. 'कोहॅबिट' हा शरीरसंबंधासाठीचा सभ्य शब्द आहे. व्हिक्टोरियन लोकांना उघड बोलायची लाज, म्हणून लॅटिनचा पडदा लावला. एवढंच आहे ते.

वकिली_बाणा

ठाम_मत, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शब्दाला ती छटा आहेच. पण नेमक्या त्याच व्हिक्टोरियन काळात हा वाद कोर्टात गेला होता आणि निकाल तुमच्या विरोधात लागला.

अमेरिकेत १८८२ साली एडमंड्स कायदा आला. रोख युटा प्रांतातल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या बहुपत्नीकांवर होता. दुसरं लग्न झाल्याचा पुरावा मिळवणं जवळजवळ अशक्य, कारण लग्नं चर्चमध्ये गुपचूप लागायची आणि साक्षीला कुणी पुढे येत नसे. म्हणून कायद्याने नवा गुन्हा ठेवला, 'अनलॉफुल कोहॅबिटेशन', म्हणजे एकापेक्षा जास्त स्त्रियांबरोबर असं राहणं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि तीनशे डॉलरपर्यंत दंड. यात अडकलेल्या पुरुषांना लोक 'कोहॅब' म्हणू लागले आणि त्यांना शोधत फिरणाऱ्या मार्शलांच्या मोहिमांना 'कोहॅब हंट'.

अँगस कॅनन नावाच्या गृहस्थांनी बचाव केला तो अगदी तुमच्याच मुद्द्यावर. म्हणाले, कायदा आल्यापासून माझा दुसरीशी शरीरसंबंध नाही, आम्ही एका खोलीत झोपत नाही, याचा पुरावा द्यायला तयार आहे. कोर्टाने तो पुरावा घ्यायलाच नकार दिला. १८८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. माणूस एका घरात दोघींबरोबर राहतो, दोघींच्या टेबलावर आळीपाळीने जेवतो, वागण्याबोलण्यातून जगासमोर दोघींना बायको म्हणून मिरवतो, एवढं पुरे. बिछान्याची चौकशी करायची गरज नाही.

म्हणजे कोर्टाने शय्या बाजूला ठेवली आणि जेवणाचं टेबल मोजलं.

उगाच_एक

बिचारे कॅनन. हातचा पुरावा कुणी बघायलाच तयार नाही.

ठाम_मत

ते अमेरिकेचं झालं, तेही एका पंथाला धरण्यासाठी शब्द ताणून केलेलं. आपल्याकडच्या कायद्यातलं इंग्रजी काय म्हणतं?

वकिली_बाणा

ताणला हे खरं, आणि त्याची मर्यादाही त्याच कोर्टाने घातली, त्यावर खाली येतो. आधी तुमच्या प्रश्नाचं.

भारतीय दंड संहितेचं कलम ४९३ बघा (आता भारतीय न्याय संहितेत ते ८१ आहे). लग्न झालंय असं खोटंच भासवून एखाद्या स्त्रीला 'टु कोहॅबिट ऑर हॅव सेक्शुअल इंटरकोर्स' करायला लावणं हा गुन्हा. त्यातल्या 'ऑर'वर बोट ठेवा. दोन्ही एकच असते तर मसुदा करणाऱ्याने शाई कशाला वाया घालवली असती?

दुसरं उदाहरण हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम १०. न्यायिक विभक्ततेचा हुकूम झाला की अर्जदारावर दुसऱ्या पक्षाशी 'कोहॅबिट' करण्याचं बंधन उरत नाही. तिथे हे क्रियापद लग्न झालेल्यांसाठीच वापरलंय. आज बोलीभाषेत 'कोहॅबिट' म्हणजे लग्नाशिवाय राहणं असं आपण धरून चालतो, पण कायद्याच्या जुन्या इंग्रजीत नवराबायकोही कोहॅबिट करतात. करणं थांबवतात तेव्हा तर खटला उभा राहतो. अर्धविराम, तुमच्या प्रश्नावलीत 'विवाहित' वेगळा पर्याय आहे, म्हणजे तिथे नवा, अरुंद अर्थ आहे.

आता मर्यादेचं. युटातल्या सरकारी वकिलांनी एक शक्कल लढवली होती. एकाच माणसाचं सलग राहणं वर्षावर्षाचे तुकडे करून दाखवायचं आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा गुन्हा लावायचा. लोरेन्झो स्नो यांच्यावर असे तीन खटले चालले, तिन्हींत शिक्षा झाली. १८८७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हा गुन्हा अखंड चालणारा आहे, त्याचे असे तुकडे पाडता येत नाहीत. खिडकीपाशी यांनी वर स्थितिवाचक क्रियापदाचं जे सांगितलं, त्याच गुणावर माणूस तुरुंगातून सुटला. व्याकरणाने जामीन मिळवून दिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. (पुढे हेच स्नो मॉर्मन चर्चचे अध्यक्ष झाले.)

मूळशोध्या

टेबल आणि शय्येची जोडी जुनीच आहे. चर्चच्या कायद्यात विभक्ततेला 'आ मेन्सा एत थोरो' म्हणत, म्हणजे टेबलापासून आणि शय्येपासून फारकत. लग्न कायम, पण राहणं वेगळं. इंग्लंडमध्ये १८५७ च्या कायद्याने हे नाव गेलं आणि 'ज्युडिशियल सेपरेशन' आलं. वरच्या कलम १० मधली विभक्तता त्याच घराण्यातली.

दुपारची_झोप

आपल्याकडे इतका सुंदर शब्द असताना कुणालाच कसा आठवला नाही? नांदणे! लिहा की 'एकत्र नांदतात'.

अर्धविराम

मलाही पहिल्यांदा तोच सुचला होता. पण 'ती नांदायला गेली' म्हणतो, 'तो नांदायला गेला' म्हटलं की त्यात घरजावयाची चेष्टा येते. 'कोहॅबिट'मध्ये अशी बाजू नाही. दोघं समान, कुणी कुणाकडे गेलेलं नाही. शिवाय नांदण्यात लग्न गृहीत आहे आणि प्रश्नावलीला नेमकं उलट हवंय.

दुपारची_झोप

ते एकवचनात. अनेकवचनात बघा, 'सगळे गुण्यागोविंदाने नांदतात'. यात ना सून, ना सासर.

खिडकीपाशी

हा मुद्दा चांगला आहे, पण तो 'कोहॅबिट'च्या दुसऱ्या अर्थाकडे नेतो. इंग्रजीत हे क्रियापद निर्जीव आणि अमूर्त गोष्टींसाठीही येतं. एका माणसाच्या मनात श्रद्धा आणि संशय 'कोहॅबिट' करतात, एका इमारतीत दोन शैली, एका जंगलात दोन प्रजाती. तिथे मराठीत बेधडक 'नांदतात' लिहावं, याहून चपखल काही नाही. 'कोएक्झिस्ट'पेक्षा यात जवळीक जास्त आहे. कोएक्झिस्ट करणारे एकमेकांकडे पाठ करूनही राहू शकतात. कोहॅबिट करणाऱ्यांना एकमेकांचा धक्का लागतोच.

म्हणजे लाक्षणिक अर्थाला 'नांदणे' आणि प्रश्नावलीतल्या अर्थाला काहीतरी कोरडं, अशी विभागणी होते.

मूळशोध्या

राजकारणातला अर्थ राहिला. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष एका बाजूचा आणि पंतप्रधान विरोधी बाजूचा असला की त्याला 'कोआबितासियों' म्हणतात. पहिल्यांदा १९८६ ते १९८८, राष्ट्राध्यक्ष मितराँ आणि पंतप्रधान शिराक. मग १९९३ ते १९९५, मितराँ आणि बालादुर. तिसरी खेप १९९७ ते २००२, शिराक राष्ट्राध्यक्ष आणि जोस्पाँ पंतप्रधान. इंग्रजी वृत्तपत्रांनी शब्द जसाच्या तसा उचलला. इथे प्रेमाचा भाग शून्य, नाइलाजच सगळा.

पोटभाडेकरू

मी इतका वेळ वाचत होतो. मला वाटतं मूळ प्रश्न 'कोण वापरतं' हा होता आणि तो बाजूलाच पडला.

इंग्रजी बोलणारं कुठलंही जोडपं स्वत:बद्दल 'वी कोहॅबिट' म्हणत नाही. म्हटलं तर थट्टेने. ते म्हणतात 'वी लिव्ह टुगेदर', 'वुई मूव्ह्ड इन', नाहीतर नुसतं 'माय पार्टनर'. पूर्वीची वडीलधारी मंडळी नाक मुरडून 'लिव्हिंग इन सिन' म्हणायची, टवाळ लोक 'शॅक अप' म्हणायचे. 'कोहॅबिट' म्हणतो तो तिसरा माणूस: जनगणनेवाला, वकील, समाजशास्त्रज्ञ, विमा कंपनी. बाहेर उभं राहून, हातात फॉर्म घेऊन केलेलं वर्णन आहे ते. म्हणून तर अर्धविरामना ते फॉर्ममध्येच भेटलं.

आणि मोजणाऱ्यांनाही शब्दाची अडचण होतीच. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९८० च्या सुमाराला लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांसाठी जो वर्ग केला त्याचं नाव होतं 'पर्सन्स ऑफ ऑपोझिट सेक्स शेअरिंग लिव्हिंग क्वार्टर्स'. लोकांनी आद्याक्षरं जोडून त्याचा 'पॉसलक्यू' केला आणि काही काळ तो शब्द गमतीत फिरलाही. प्रेयसीची ओळख 'ही माझी पॉसलक्यू' अशी करून द्यायची. टिकतोय कसला.

स्वीडिश लोकांनी मात्र मैदान मारलं. 'सम' म्हणजे सह आणि 'बू' म्हणजे राहणे, मिळून 'सांबू'. दोन अक्षरं, कायद्यातही तेच आणि गप्पांतही तेच. २००३ साली त्यांचा 'सांबू' कायदाच आला. प्रेमात आहेत पण घरं वेगळी, ते 'सेरबू'. आणि मोठे होऊनही आईकडेच राहतात ते 'मांबू'.

उगाच_एक

मांबू! इतक्या वर्षांनी मला माझी ओळख सापडली.

तळटीप

संपादकांच्या 'लिव्ह-इन'बद्दल थोडं. 'लिव्ह-इन रिलेशनशिप' हा प्रयोग आपल्या इंग्रजीत जितका चालतो तितका ब्रिटन-अमेरिकेत चालत नाही. तिथे 'लिव्ह-इन' हे नामाआधी येणारं विशेषण. 'लिव्ह-इन बॉयफ्रेंड' असतो, पण 'लिव्ह-इन नॅनी' आणि 'लिव्ह-इन केअरर'ही असतात, म्हणजे कामाच्याच घरी मुक्काम असलेली माणसं. तेव्हा मराठीतून परत इंग्रजीत जाताना सांभाळा.

मराठी वाचकाला मात्र 'लिव्ह-इन' क्षणात कळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझी अडचण वेगळी आहे. त्या शब्दाबरोबर एक चित्र येतं, दोघं तरुण, नोकरीवाले, घरच्यांना न सांगता राहणारे. साठी ओलांडलेले विधुर आणि विधवा सोबतीने राहत असतील तर ते 'लिव्ह-इन'वर टिक करतील का? बहुतेक नाही. आणि सर्वेक्षणाला तेही मोजायचे आहेत.

ठाम_मत

शरीरसंबंधाचा मुद्दा सोडतो, पण मग शिल्लक राहतं ते छप्परच ना? एका घरात राहतात म्हणून कोहॅबिट.

वकिली_बाणा

छप्परही नाही. इंग्लंडचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा, मजा येते. घटस्फोटासाठी नवराबायको ठरावीक काळ 'वेगळे राहत' असणं लागायचं. मूंसर खटल्यात (१९७२) दोघं एका घरात, वेगळ्या खोल्यांत झोपत होते, पण मुलांबरोबर एकत्र जेवत होते आणि घराची साफसफाई वाटून घेत होते. नवरा मुलांसाठी म्हणून राहिलेला. कोर्ट म्हणालं, हे वेगळं राहणं नव्हे.

फुलर खटल्यात (१९७३) बायको दुसऱ्या पुरुषाबरोबर राहत होती. नवऱ्याला हृदयविकार झाला, एकट्याने राहता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तो त्याच घरात भाडेकरू म्हणून आला. आठवड्याचं भाडं देई, बायको त्याचं जेवणखाण आणि कपडे बघे. कोर्ट म्हणालं, हे मात्र वेगळेच राहतात, कारण कायद्यात शब्द 'हाउसहोल्ड' आहे, 'हाउस' नाही. घर एक, संसार एक नाही.

छप्पर दोन्हीकडे होतं, ताटंही बायकोच वाढत होती. फरक पडला तो कोण कुठल्या नात्याने ताटावर बसलंय याने.

स्कॉटलंडने २००६ च्या कायद्यात 'कोहॅबिटंट' ठरवताना हेच कागदावर आणलं: किती काळ एकत्र राहिले, त्या काळात नातं कसं होतं, पैशाचे व्यवहार कसे होते. इंग्लंडमध्ये मात्र आजही पुष्कळांना वाटतं की बरीच वर्षं एकत्र राहिलं की 'कॉमन लॉ वाइफ'चे हक्क आपोआप मिळतात. तसं काही नाही तिथे.

पोटभाडेकरू

त्यातल्या भाड्याच्या तपशिलाबद्दल आयडीला जागून सहानुभूती.

अर्धविराम

प्रश्नावलीसोबतची टिपणं उघडून बघितली. व्याख्या दिली आहे: लग्न किंवा नोंदणी न करता, जोडपं म्हणून, एका घरात राहणारे. वयाची, लिंगाची अट नाही. पर्याय असा करतेय: 'लग्न न करता जोडीदारासोबत राहतो/राहते'. लांब आहे, पण क्रियापद उत्तर देणाऱ्याच्या तोंडी शोभतं. 'सहवास' आणि 'लिव्ह-इन' दोन्ही बाद. अहवालाच्या भागात, जिथे संशोधक बोलतोय, तिथे 'सहनिवास' वापरीन म्हणते. कुणाला हरकत?

तळटीप

रकान्यासाठी उत्तम. 'सहनिवास' कोरा आहे, कुठलीच छटा चिकटलेली नाही, अहवालात खपून जाईल. फक्त पहिल्यांदा येईल तिथे व्याख्या द्या, नाहीतर एखादी गृहनिर्माण संस्था वाटेल.

मूळशोध्या

व्यक्तीसाठी काय? इंग्रजीत 'कोहॅबिटंट', 'कोहॅबिटर' आणि ब्रिटिशांचा 'कोहॅबिटी' असे तीन आहेत. 'कोहॅबिटी'वर शुद्धलेखनवाले चिडतात, कारण 'ई' प्रत्यय ज्याच्यावर क्रिया होते त्याला लागतो, जसा 'एम्प्लॉयी'. इथे कुणी कुणाला कोहॅबिट करवत नाही. पण मग 'एस्केपी'चं काय करणार? आणि 'कोहॅबिटेट' दिसलं तर दचकू नका. 'कोहॅबिटेशन'वरून मागे येऊन घडलेलं वाटतं, लांबी वाढते, अर्थ तोच. लिहिताना टाळलेलं बरं.

जलचर

'कुणी कुणाला कोहॅबिट करवत नाही' यावर हरकत! मत्स्यरोगांच्या संशोधनात सर्रास करवतात. 'कोहॅबिटेशन चॅलेंज' नावाची पद्धतच आहे. संसर्ग झालेले मासे निरोगी माशांच्या टाकीत सोडायचे आणि रोग पाण्यातून कसा पसरतो ते बघायचं. इंजेक्शनपेक्षा हे नैसर्गिक संसर्गाच्या जवळचं. शोधनिबंधांत वाक्य असतं, 'द फिश वेअर कोहॅबिटेड विथ इन्फेक्टेड फिश'. सरळ सकर्मक, तेही कर्मणी प्रयोगात.

खिडकीपाशी

मस्त! मग मराठीत 'एकत्र ठेवले' करावं लागेल, 'राहिले' चालणार नाही. बाकी एका टाकीत सगळे सारखेच दिसत असतील, त्यातला मुळात आजारी कोण हे कळतं कसं?

जलचर

सोडायच्या आधी खूण करतात. बऱ्याचदा एखाद्या पराचा तुकडा कातरतात. त्या आजारी माशांना 'शेडर' म्हणायचं, आणि उरलेले ते 'कोहॅबिटंट'.